मास्कची सक्ती उठल्यानंतरचा प्रवास: मुंबईकरांसाठी सविस्तर मार्गदर्शन

२०२२च्या गुढीपाडव्याला, म्हणजे २ एप्रिल रोजी, महाराष्ट्रातले कोरोनाचे सर्व निर्बंध उठले. १८९७चा साथरोग कायदा आणि २००५चा आपत्ती व्यवस्थापन कायदा यांच्या आधारे दोन वर्षे लागू असलेले आदेश मागे घेण्यात आले, विनामास्क फिरणाऱ्यांकडून घेतला जाणारा २०० रुपयांचा दंड मुंबईत थांबला आणि लोकलच्या प्रवासासाठी लशीच्या दोन मात्रा पूर्ण झाल्याचा पुरावा दाखवण्याची अटही संपली. मास्क ऐच्छिक झाला. तो वापरत राहावे अशी विनंती शासनाने केली, पण विनंती आणि सक्ती यांतला फरक दादरच्या पुलावर दुसऱ्याच दिवशी दिसू लागला.

सक्ती होती तोवर निर्णय शासनाचा होता; आता तो प्रत्येक प्रवाशाचा आहे. हा निर्णय घेताना बरेच जण दोन टोकांपैकी एक गाठतात. काहींनी मास्क कायमचा काढून ठेवला आहे, तर काही जण मरीन ड्राइव्हच्या वाऱ्यातही तो काढायला धजत नाहीत, आणि तेच लोक खिडक्या बंद असलेल्या टॅक्सीत तो हनुवटीवर ओढून फोनवर बोलतात. दोन्ही वागण्यांत एक गोष्ट सुटते, ती म्हणजे समोरची जागा कशी आहे हे पाहणे. मास्क घालावा की नाही याचे उत्तर माणसागणिक जसे बदलते तसेच ते जागेगणिक आणि वेळेगणिकही बदलते, आणि मुंबईसारख्या शहरात एकाच तासाच्या प्रवासात ते तीन-चार वेळा बदलू शकते. मे महिन्याच्या सुट्टीत गावी निघालेल्यांना आणि रोज कार्यालय गाठणाऱ्यांना हा निर्णय नीट घेता यावा, म्हणून पुढचे टप्पे क्रमाने मांडले आहेत.

पहिला टप्पा: घराबाहेर पडण्याआधीचा विचार

हा विषाणू मुख्यतः हवेतून पसरतो. २०२०च्या सुरुवातीला तो वस्तूंवरून पसरतो असे समजून आपण भाजी धूत होतो, दुधाच्या पिशव्या पुसत होतो, वर्तमानपत्र उन्हात ठेवत होतो. बोलताना, खोकताना आणि नुसता श्वास सोडतानाही जे सूक्ष्म कण बाहेर पडतात ते कोंदट जागेत बराच वेळ तरंगत राहतात, ही बाब पुढे स्पष्ट होत गेली आणि २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही ती आपल्या माहितीत नोंदवली. म्हणून कोणत्याही वाहनाचा विचार करताना तीन गोष्टी पाहाव्यात. तिथे बाहेरची हवा खेळती आहे का, माणसे किती जवळ आणि किती बोलत आहेत, आणि आपण तिथे किती वेळ असणार आहोत. तीनपैकी दोन उत्तरे प्रतिकूल असतील तर मास्क घालावा. हा हिशेब काटेकोर शास्त्रीय सूत्र नव्हे, पण फलाटावर उभे असताना दोन क्षणांत करता येतो, आणि तोच त्याचा उपयोग आहे.

चौथा प्रश्न घरचा आहे आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा. आपण संध्याकाळी कोणाकडे परतणार आहोत? घरात साठी ओलांडलेली माणसे असतील, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेले कोणी असेल, कर्करोगाचे उपचार चालू असतील, कोणी गरोदर असेल, तर स्वतः तरुण आणि धडधाकट असलेल्या प्रवाशानेही गर्दीच्या वाहनात मास्क सोडू नये. मुंबईतल्या बहुसंख्य घरांत आजारी माणसासाठी वेगळी खोली काढता येत नाही. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसे झोपतात, तिथे ‘विलगीकरण’ कागदावरच राहते. त्यामुळे बाहेरून घरात आजार आणू नये, हाच अशा घरांचा खरा बचाव ठरतो.

याच टप्प्यावर लशीचेही पाहून घ्यावे. १० एप्रिल २०२२पासून अठरा वर्षांवरील सर्वांना खासगी केंद्रांवर दक्षता मात्रा, म्हणजे तिसरी (बूस्टर) मात्रा, मिळू लागली. तेव्हा दुसऱ्या मात्रेनंतर नऊ महिने पूर्ण झालेले असावे लागत. कोविशील्ड आणि कोव्हॅक्सिन या दोन्ही लशींची किंमत त्या वेळी २२५ रुपये होती आणि त्यावर सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त १५० रुपये आकारता येत. साठीच्या पुढच्यांना ही मात्रा त्याआधीपासूनच सरकारी केंद्रांवर मोफत मिळत होती. गावी जायचे असेल तर तिथल्या आजी-आजोबांची मात्रा झाली आहे का, हे निघण्याच्या आधीच फोन करून विचारावे; राहिली असेल तर आपण पोहोचण्याची वाट न पाहता ती घ्यायला सांगावे.

दुसरा टप्पा: मास्कची निवड

घरी शिवलेले कापडी मास्क आता बाजूला ठेवलेले बरे. २०२० मध्ये दुसरे काही हाती नव्हते तेव्हा त्यांनी उपयोग दिला, परंतु ओमायक्रॉनसारख्या झपाट्याने पसरणाऱ्या प्रकारापुढे ते अपुरे आहेत. ७ जानेवारी २०२२ या एका दिवसात मुंबईत २०,९७१ नवे रुग्ण नोंदले गेले, यावरून तो वेग लक्षात यावा.

तीन पदरी सर्जिकल मास्कचे कापड चांगले असते. त्याचा दोष बाजूंच्या फटींत आहे. गालाजवळ तो फुगतो आणि हवा गाळणीतून जाण्याऐवजी त्या फटीतून जाते. त्यावरून घट्ट बसणारा कापडी मास्क घातला तर फट बरीच मिटते. एन-९५ प्रतीचा मास्क मात्र एकटाच घालावा, त्याच्या खाली किंवा वर दुसरा घालू नये, कारण त्यामुळे तो चेहऱ्यावरून उचलला जातो. ०.३ मायक्रॉन एवढ्या कणांपैकी किमान ९५ टक्के अडवणे ही या प्रतीची कसोटी आहे. हे काम त्याच्या आतल्या पदरातील विद्युतभारित तंतू करतात, म्हणूनच तो साबणाने धुऊ नये आणि त्यावर सॅनिटायझर फवारू नये. धुतलेला एन-९५ दिसायला स्वच्छ असतो, पण त्याचा विद्युतभार गेलेला असतो.

खरेदी करताना पाकिटावर भारतीय मानक ‘आयएस ९४७३’ हा क्रमांक, आयएसआयची खूण आणि परवाना क्रमांक पाहावा. भारतीय मानकात या वर्गाला ‘एफएफपी २’ म्हणतात. रेल्वे पुलाच्या पायऱ्यांवर अंथरलेल्या पथारीवर ‘एन-९५’ अशी अक्षरे छापलेले रंगीत मास्क ढिगाने मिळतात. छापील अक्षरे हा पुरावा होत नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये राज्य शासनाने एन-९५ मास्कच्या किमतींवर १९ ते ४९ रुपयांची मर्यादा घातली होती, हे लक्षात ठेवले तर शेकडो रुपये मोजण्याची गरज नाही हे कळते. पुढे छोटी गोल झडप असलेला मास्क घेऊ नये. झडपेतून आपला उच्छ्वास न गाळता बाहेर पडतो, त्यामुळे घालणाऱ्याला बरे वाटले तरी शेजाऱ्याचे रक्षण होत नाही. केंद्रीय आरोग्य यंत्रणेने जुलै २०२० मध्येच अशा मास्कविरुद्ध सावध केले होते.

तिसरा टप्पा: मास्क नीट बसवणे

महागडा मास्क सैल घातला तर त्याचा पैसा वाया जातो. प्रथम हात धुवावेत. मास्क तळहातावर धरून आधी हनुवटीखाली बसवावा आणि मग नाकावर घ्यावा. पट्ट्या लावल्यावर नाकावरची धातूची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी, मधून कडेकडे दाबत न्यावी. एका हाताच्या चिमटीने दाबल्यास मध्ये टोक उभे राहते आणि दोन्ही बाजूंना फटी राहतात. नंतर दोन्ही तळवे मास्कभोवती हलकेच धरून जोराने श्वास सोडावा. डोळ्यांकडे किंवा कानांकडे वारा लागला तर मास्क पुन्हा बसवावा. चष्मा वापरणाऱ्यांना ही परीक्षा आपोआप होते. काचेवर वाफ धरत असेल तर वरची कड सैल आहे, हे नक्की.

डोक्यामागून जाणाऱ्या पट्ट्यांचा मास्क कानात अडकवायच्या मास्कपेक्षा घट्ट बसतो. कानातलाच असेल तर मानेमागे दोन्ही पट्ट्यांना जोडणारी प्लॅस्टिकची छोटी आकडी मिळते, ती वापरावी. कानही दुखत नाहीत आणि गालाजवळची पोकळी मिटते. दाट दाढीवर कोणताच मास्क पुरता बसत नाही. लग्नसराईत नथ घालून लोकलने निघणाऱ्या बायकांनी नथ डबीत ठेवून मंगल कार्यालयात पोहोचल्यावर घालावी. मास्कची कड तिच्यामुळे उचलली जाते आणि नाकालाही इजा होते.

मुंबईच्या घामाचा विचार मास्क बनवणाऱ्यांनी केलेला नसतो. मे महिन्यात डोंबिवलीला चढलेल्या माणसाचा मास्क दादर येईपर्यंत ओला होतो, आणि ओल्या मास्कमधून श्वास घेणे जड जाते, म्हणून हात आपोआप तो खाली ओढतो. यावर उपाय एकच आहे. बॅगेत कागदी पाकिटात दुसरा कोरडा मास्क ठेवावा आणि कार्यालयात पोहोचल्यावर बदलावा. पावसाळा सुरू झाला की ही सवय आणखी उपयोगी पडेल.

चौथा टप्पा: लोकल

लोकलचा प्रश्न सर्वांत अवघड आहे, कारण इथे हवा चांगली आणि गर्दी भयंकर अशी दोन टोके एकत्र येतात. साध्या डब्याची दारे उघडी, खिडक्या उघड्या आणि गाडी वेगात असताना वारा आरपार जातो. दुपारी बारा-एकच्या सुमारास, बसायला जागा असताना, खिडकीजवळच्या निरोगी प्रवाशाने मास्क खाली ठेवला तर मी त्याला दोष देणार नाही. परंतु सकाळच्या विरार किंवा कल्याण जलद गाडीत एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा माणसे उभी राहतात, अशी रेल्वेच्या परिभाषेतली नोंद आहे. अशा वेळी समोरच्याचा श्वास थेट आपल्या चेहऱ्यावर येतो आणि दाराच्या वाऱ्याचा मधल्या पॅसेजमध्ये उभ्या असलेल्याला फारसा उपयोग होत नाही. विरार ते चर्चगेट हे साठ किलोमीटर. तिथे वेळही लांबते. तीनही उत्तरे प्रतिकूल येतात.

म्हणून मास्क गाडीत शिरल्यावर न घालता स्थानकाच्या पुलावर चढण्याआधीच घालावा. गर्दीत एकदा हात अडकले की पट्टी कानापर्यंत नेता येत नाही. उतरल्यावरही पुलाची गर्दी पार होऊन रस्त्यावर येईपर्यंत तो ठेवावा. ज्यांना वेळ थोडी मागेपुढे करता येते त्यांनी कार्यालयात तशी विनंती जरूर करावी. निर्बंधांच्या काळात अनेक कार्यालयांनी वेळा बदलून पाहिल्या होत्या, आणि साडेआठची गाडी सोडून सातची धरणे हा कोणत्याही मास्कपेक्षा मोठा बचाव आहे. मधल्या स्थानकावरून सुटणारी गाडी मिळत असेल तर तीच घ्यावी, मग ती धिमी का असेना. बोरिवली, अंधेरी, ठाणे, दादर इथून सुटणाऱ्या गाड्यांत निदान सुरुवातीला मोकळीक असते.

बोलण्याने आणि गाण्याने श्वासातील कण कितीतरी पटींनी वाढतात. आपल्या लोकलमधली भजनी मंडळे ही या शहराची फार मोलाची गोष्ट आहे. पहाटेच्या डब्यात टाळ सुरू झाला की दिवसभराचा शीण आधीच हलका होतो, आणि दोन वर्षे ती शांतता मलाही बोचत होती. ही मंडळे पुन्हा उभी राहिली, याचा आनंदच आहे. त्यांना एवढेच सुचवावेसे वाटते की खिडक्या पूर्ण उघड्या ठेवाव्यात, ज्याला सर्दी-खोकला आहे त्याने त्या दिवशी टाळ धरावा पण गाऊ नये, आणि शेजारी कोणी वृद्ध मास्क लावून बसले असतील तर त्यांना दाराकडची हवेशीर जागा द्यावी.

एसी लोकलचे गणित वेगळे आहे. ५ मे २०२२पासून तिचे एकेरी भाडे निम्म्यावर आले, त्यामुळे उन्हाळ्यात तिकडे ओढा वाढणे साहजिक होते. गारवा असला तरी तिची दारे-खिडक्या बंद असतात आणि आतली बरीचशी हवा पुन्हापुन्हा फिरवली जाते. एसी लोकलमध्ये बसायला जागा मिळाली तरी मास्क घालावा. जूनमध्ये मुसळधार पाऊस लागला की साध्या डब्याच्या खिडक्याही बंद होतात, तेव्हा तो डबाही एसी डब्याइतकाच कोंदट समजावा.

पाचवा टप्पा: मेट्रो, बेस्ट, टॅक्सी आणि रिक्षा

पाडव्याच्याच दिवशी मेट्रो २ अ आणि ७ यांचा डहाणूकरवाडी ते आरे हा पहिला टप्पा सुरू झाला. घाटकोपर-वर्सोवा मेट्रो २०१४पासून आहेच. मेट्रोचा डबा बंद असतो, परंतु प्रवास थोड्या वेळाचा असतो. गर्दीच्या वेळी मास्क, रिकाम्या वेळी आपापल्या प्रकृतीनुसार, एवढे पुरे. बेस्टच्या साध्या बसमध्ये खिडकी उघडावी आणि ती उघडीच ठेवावी. एसी मिनीबस मात्र लहान आणि बंद असते, तिथे मास्क घालावा.

टॅक्सीविषयी थोडे अधिक सांगायला हवे, कारण इथे आपण फसतो. गाडीत दोनच माणसे असल्याने सुरक्षित वाटते, प्रत्यक्षात इतक्या लहान बंद जागेत एकाचा उच्छ्वास काही मिनिटांत सगळीकडे पसरतो. अंधेरी ते फोर्ट हा तासा-दीड तासाचा प्रवास आहे. मागे डावीकडे बसावे, आपली खिडकी आणि पुढची चालकाकडची खिडकी, अशा समोरासमोरच्या तिरक्या कोपऱ्यातल्या खिडक्या चार-चार बोटे तरी उघडाव्यात. हवा एका कोपऱ्यातून शिरून दुसऱ्यातून बाहेर जाते. एसी हवाच असेल तर बाहेरची हवा आत घेण्याचे बटण सुरू करायला चालकाला सांगावे. पुढच्या आणि मागच्या सीटमधले प्लॅस्टिकचे पडदे एखाद्या गाडीत अजून असतील. त्यांच्यामुळे हवा अडते, ते गुंडाळून वर बांधलेले बरे.

रिक्षा दोन्ही बाजूंनी उघडी असल्यामुळे एकट्याच्या प्रवासात मास्कची गरज जवळजवळ नसते. शेअर रिक्षात मागे तीन माणसे खेटून बसतात. स्थानक ते घर हे अंतर थोडे असले तरी मास्क असू द्यावा. भाऊच्या धक्क्यावरून किंवा गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्यांनी वरच्या उघड्या डेकवर बसावे, आणि तिथे मास्क खुशाल काढावा.

सहावा टप्पा: गावचा प्रवास

कोकणकन्या, मांडवी किंवा तुतारी या कोकणच्या रेल्वेगाड्यांनी जाताना बिनवातानुकूलित शयनयान आणि थ्री-टायर एसी यांत निवड करता येत असेल, तर हवेच्या दृष्टीने शयनयान चांगले, पण त्याची खिडकी उघडी असेल तरच. एसीच्या डब्यात रात्र काढायची असेल तर मास्कचे वेळापत्रक ठरवून घ्यावे. गाडी भरताना, सामान लावताना आणि जेवणाच्या वेळी सगळे बोलत असताना हवा सर्वांत वाईट असते. आपण घरूनच जेवून निघावे, किंवा डबा इतरांच्या आधी वा नंतर खावा, म्हणजे सगळ्यांचे मास्क उतरलेले असताना आपला चेहऱ्यावर राहतो. झोपताना एन-९५ सहन होत नसेल तर सर्जिकल चालेल. १० मार्च २०२२पासून चादरी, उशा आणि ब्लँकेटे पुन्हा मिळू लागली, त्यामुळे ओझे कमी झाले. ज्यांना शंका वाटते त्यांनी घरची एक चादर न्यावी, एवढेच.

लांबलेल्या संपानंतर २०२२मध्ये एसटी पुन्हा रस्त्यावर आली. लाल बसची खिडकी हे तिचे मोठे सामर्थ्य आहे. घाटात किंवा पहाटे गार वाऱ्यात कोणीतरी खिडकी लावा म्हणतेच. सर्वच लावू नयेत, पुढची एक आणि मागची एक उघडी राहू द्यावी. शिवनेरीसारख्या बंद एसी बसमध्ये पुण्यापर्यंत मास्क ठेवणे इष्ट आहे.

गावी पोहोचल्यावरची काळजी प्रवासाइतकीच महत्त्वाची आहे, आणि तिच्याकडेच सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. बाधा झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत ओमायक्रॉनच्या बाबतीत साधारण तीन दिवस जातात, म्हणजे गाडीत झालेली बाधा गावच्या माजघरात उघड होते. पहिले तीन-चार दिवस आजी-आजोबांबरोबर गप्पा पडवीत किंवा अंगणात माराव्यात, जेवायला ओटीवर बसावे, झोपायला त्यांच्या खोलीत जाऊ नये. उन्हाळ्यात तसेही सगळे बाहेरच झोपतात, त्यामुळे हे पाळणे गावी अवघड नाही. शक्य असेल त्यांनी घरी करायचा अँटिजेन चाचणी संच बरोबर ठेवावा. पुण्यात बनलेल्या अशा पहिल्या संचाला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) मे २०२१ मध्ये मान्यता दिली. पंधरा मिनिटांत निकाल मिळतो. निघण्याच्या दिवशी सकाळी एक आणि पोहोचल्यावर तिसऱ्या दिवशी एक, अशा दोन चाचण्या केल्यास घरातल्या वृद्धांना बराच आधार मिळतो. मात्र अंगात ताप आणि घसा खवखवत असताना ही चाचणी निर्दोष (निगेटिव्ह) आली तरी तिच्यावर विसंबू नये, आरटी-पीसीआर करून घ्यावी.

सातवा टप्पा: विमानप्रवास

राज्यातली सक्ती उठली तरी विमानतळावर आणि विमानात मास्क नोव्हेंबर २०२२पर्यंत बंधनकारक होता. तो नसेल तर प्रवास नाकारला जाऊ शकत होता. सुरक्षा तपासणीच्या वेळी ओळख पटवण्यासाठी तो क्षणभर खाली घ्यावा लागतो, तेवढा घ्यावा. उडत्या विमानातली हवा लोकांना वाटते तितकी वाईट नसते. बहुतेक मोठ्या विमानांत फिरवलेली हवा हेपा गाळणीतून जाते आणि ही गाळणी ९९.९७ टक्के सूक्ष्म कण अडवते. खरी अडचण जमिनीवर असते. विमानापर्यंत नेणारी खचाखच भरलेली बस, शिडीवरची रांग, आणि दारे उघडण्याची वाट पाहत पॅसेजमध्ये उभे राहिलेले प्रवासी, कारण या वेळी वायुवीजन पुष्कळदा मंद किंवा बंद असते. आपली रांग येईपर्यंत जागेवर बसून राहावे आणि डोक्यावरची हवेची तोटी आपल्या चेहऱ्यासमोर उघडी ठेवावी.

दुसऱ्या राज्यात उतरणार असाल तर तिथला नियम आदल्या दिवशी पाहावा. दिल्लीने मास्क न घालणाऱ्यांसाठी ५०० रुपयांचा दंड एप्रिल २०२२मध्ये पुन्हा लागू केला होता. परदेशी जाणाऱ्यांसाठी नियमित आंतरराष्ट्रीय उड्डाणे २७ मार्च २०२२पासून सुरू झाली, परंतु प्रत्येक देशाची अट निराळी होती. ब्रिटनने १८ मार्चला प्रवासाच्या साऱ्या अटी काढल्या, सिंगापूरने २६ एप्रिलपासून आणि थायलंडने १ मेपासून लसीकरण पूर्ण झालेल्यांवरील चाचणीची अट शिथिल केली. अमेरिकेत मात्र विमानातली मास्कसक्ती १८ एप्रिलला न्यायालयाच्या निकालाने संपली तरी निघण्याच्या आदल्या दिवसाच्या चाचणीचा निर्दोष अहवाल जून २०२२पर्यंत लागत होता. कोविन या शासनाच्या लसनोंदणी संकेतस्थळावर लशीच्या प्रमाणपत्रात पारपत्राचा क्रमांक जोडून जन्मतारखेसह नवे प्रमाणपत्र उतरवून घ्यावे लागे आणि त्याची छापील प्रत जवळ ठेवलेली बरी असे. २०२२मध्ये भारतात परतताना एअर सुविधा संकेतस्थळावर स्वयंघोषणापत्र भरावे लागे, त्यासोबत लसीकरणाचे प्रमाणपत्र किंवा ७२ तासांच्या आतला आरटी-पीसीआर अहवाल जोडावा लागे. कोणत्या देशांचे प्रमाणपत्र चालते ते तिथेच दिलेले असे.

मुलांविषयी

पाच वर्षे आणि त्याखालील मुलांना मास्क घालू नये, अशी केंद्राची जानेवारी २०२२मधली मार्गदर्शक सूचना होती. सहा ते अकरा वयाच्या मुलांनी मोठ्यांच्या देखरेखीखाली आणि त्यांना जमेल तितका वापरावा. बारापासून पुढे मोठ्यांप्रमाणेच. मोठ्यांचा एन-९५ मुलांच्या चेहऱ्यावर बसत नाही, त्यांच्या मापाचाच घ्यावा.

सहप्रवाशांशी बोलणे

आता कोणी कोणाला सक्ती करू शकत नाही, त्यामुळे बोलण्याची रीत बदलायला हवी. ‘मास्क कुठाय तुमचा?’ हा प्रश्न दंड घेणाऱ्याचा होता. ‘काका, घरी आईची केमो चालू आहे, तेवढी खिडकी उघडता का?’ असे म्हटले तर माझ्या अनुभवात बहुतेक जण खिडकी तर उघडतातच, शिवाय स्वतःहून तोंडावर रुमाल धरतात. खोकणाऱ्या बाईला ‘ताई, माझ्याकडे जादा मास्क आहे, देऊ का?’ असे विचारावे आणि पाकीटबंद मास्क पुढे करावा. उलट बाजूनेही, मास्क घातलेल्या माणसाला ‘अजून घाबरता का?’ असे विचारू नये. मुंबईत क्षयरोगाचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. त्यांतले अनेक जण औषधे घेत कामावर जातात, आणि त्यांनी किंवा त्यांच्या घरच्यांनी लावलेला मास्क कोरोनाच्या कितीतरी आधीपासूनचा असू शकतो.

मास्क ठेवणे आणि टाकणे

एन-९५ पुन्हा वापरता येतो. घरी चार-पाच कागदी पाकिटे करून त्यांवर वार लिहावेत. सोमवारचा मास्क सोमवारच्या पाकिटात ठेवून तो पुढच्या सोमवारीच काढावा, मधल्या दिवसांत तो वाळतो आणि त्यावरचे विषाणू निष्प्रभ होतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवल्यास घाम आतच राहतो. पट्टी सैल पडली, कड मळली किंवा श्वास घेणे जड जाऊ लागले की तो टाकून द्यावा. टाकताना पट्ट्या कापाव्यात, कागदात गुंडाळून तीन दिवस वेगळा ठेवावा आणि मग सुक्या कचऱ्यात द्यावा, अशी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची सूचना आहे. कचरा वेचणारे हात उघडे असतात, हे विसरू नये. रुळांवर आणि नाल्यांत पडलेले मास्क पावसाळ्यात पाणी अडवतात.

लक्षणे दिसल्यास

ताप, घसादुखी, अंगदुखी किंवा नवा खोकला असेल तर प्रवास पुढे ढकलावा, मग तिकीट कितीही मुश्किलीने मिळालेले असो. बाधा झाल्याचे कळल्यास २०२२मधल्या सूचनेनुसार अहवाल आल्यापासून किमान सात दिवस वेगळे राहावे आणि सलग तीन दिवस ताप नसावा. २०२२मध्ये मुंबईत महापालिकेच्या १९१६ या क्रमांकावर मार्गदर्शन मिळत असे. गावी असताना लक्षणे आली तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात चाचणी करावी. घरात ऑक्सिमीटर असल्यास दिवसातून तीन-चार वेळा प्राणवायूची पातळी पाहावी. ती ९४च्या खाली गेली, धाप लागली किंवा वृद्ध माणूस गोंधळल्यासारखे बोलू लागला तर रात्र जाण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. आणि गेल्या दोन-तीन दिवसांत ज्यांच्या शेजारी आपण बसलो, एका ताटात जेवलो, एका गाडीतून आलो, त्यांना त्याच दिवशी फोन करून सांगावे, म्हणजे त्यांच्या घरच्या म्हाताऱ्यांची काळजी त्यांना वेळेत घेता येईल.